आधी पाठ बघायची

माझ्याकडं अजून माणसं बिल्ले घेऊन येतात. जुन्या बाजारात कुणाला गोऱ्या पलटणीच्या टोपीवरचा बिल्ला सापडला की तिथं कुणीतरी सांगतं, खडकीला एक म्हातारा आहे, तो खरा-खोटा सांगतो. मग माझं दार वाजतं. मी बसवतो, चहा देतो आणि सांगतो, मी आता बघत नाही. का म्हणून विचारलं तर डोळे अधू झालेत म्हणतो. डोळे चांगले आहेत. दोन्हीकडचा मोतीबिंदू काढून झालाय. खरं कारण दारात उभ्या माणसाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथं लिहितो.

मी सातवी नापास. खडकीच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागलो आणि फिटर म्हणूनच बाहेर पडलो. इंग्रजी मला अजून एकेक अक्षर लावून वाचावं लागतं. सुट्टीच्या दिवशी जुन्या बाजारात पाने, पक्कड, कानस असलं काही स्वस्तात मिळतंय का ते बघायला जायचो. असाच एकदा भंगाराच्या ढिगात हात घातला, तर कुलपं-बिजागऱ्यांच्या मधे एक पितळेचा वाघ निघाला. नखाएवढा नाही, चांगला रुपयापेक्षा मोठा. वाघाच्या वर इंग्रजीत काहीतरी होतं. लावून लावून वाचलं तर ‘हिंदुस्थान’. गोरा शिपाई आपल्या देशाचं नाव टोपीवर कशाला लावेल, हे मला कळेना. मी तो घेणार, एवढ्यात पलीकडून आणखी एक हात त्याच वाघावर पडला.

हात नारायण पेठेतला होता. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, टोपी, छत्री, पिशवी. ते वाघाकडं न बघताच म्हणाले, “सोडा अहो, खोटा आहे.”

मी सोडला. त्यांनी तो विकत घेतला, पिशवीत टाकला आणि मग म्हणाले, “खरा होता. ही तुमची पहिली शिकवणी.”

तिथून आमची ओळख झाली. मला जे येतं ते सगळं त्यांनी शिकवलं. त्यांचा पहिला नियम एकच होता. आधी पाठ बघायची. तोंड कुणीही रंगवतं, म्हणायचे, पाठ रंगवायला कुणाला वेळ नसतो. खरा बिल्ला पत्र्यावर ठसा दाबून काढलेला असतो, त्यामुळं पुढं वाघ उठलेला असला की मागं तोच वाघ खोलगट दिसतो. खोटा ओतीव असतो. त्याची पाठ सपाट, नाहीतर रवाळ, बारीक भोकं पडलेली. मग मागची पट्टी बघायची, किंवा टोपीला टाचायच्या दोन कड्या बघायच्या, त्या कुठं झाळल्यात, म्हणजे कथिल वितळवून जोडल्यात, ती झाळ जुनी का नवी. मग झीज. शिपाई रोज बिल्ला घासतो, तेव्हा वाघाची पाठ, नाक, मुकुटाचे मणी असे उंच भाग झिजतात, खोबणी तशाच राहतात. खोटं करणारा सगळंच सारखं घासतो. झीज कुठं आहे ते बघितलं की वस्तू कुणाच्या हातात किती राहिली ते कळतं, असं ते सांगायचे. मला हे पटकन आलं. फिटरच्या बोटांना असल्या गोष्टी कळतात.

घरात त्या बिल्ल्यांना मान होता. कपाटाचा एक खण त्यांचा. माझ्या बायकोनं प्रत्येक बिल्ल्याला एक पिशवी शिवली होती, झबल्याच्या खिशाएवढी, तोंडाला धागा. तिच्या ब्लाउजांचे उरलेले तुकडे होते ते. मी कधी विचारलं नाही कुठल्या साडीवरचे. मला एवढंच माहीत, की जांभळ्या पिशवीत हत्ती, पिवळीत हरणाचं डोकं, ठिपक्यांच्या पिशवीत वीणेसारखं वाद्य.

तिला तो नाद आवडायचा असं नाही. नातेवाइकांत एकदा कुणाचं तरी लग्न ठरलं. मी विचारलं, हा मुलगा कुणाचा? तेव्हा सगळ्यांच्या देखत म्हणाली, “मेलेल्या गोऱ्यांच्या पलटणी पाठ आहेत यांना. सख्ख्या पुतण्याचं नाव विचारा.” सगळे हसले. मीही हसलो. दसऱ्याच्या आधी ती घरातली सगळी भांडी, देव, समया चिंच लावून घासायची. बिल्ल्याला हात लावायचा नाही, असं माझं बजावणं असायचं. जुन्या पितळेवरचा काळपटपणा गेला की वस्तूची किंमत गेली, हा आम्हा बिल्लेवाल्यांचा नियम. ती म्हणायची, “देवांना चिंच चालते. तुमच्या सोल्जरांना चालत नाही.” पण हात लावला नाही कधी.

मागच्या पावसाळ्यानंतर तिला ताप आला आणि तो छातीत गेला. दवाखान्यात ठेवली. आमची एकच लेक, चिंचवडला असते, शाळेत शिकवते. तिनं आईच्या बांगड्या, कुड्या घरी नेल्या. मंगळसूत्र मात्र ही काढू देईना. “ते राहू दे गं, त्याचं काय ओझं आहे,” म्हणाली. दवाखान्यात फोन नंबर विचारला तर मी हिचा दिला, कारण माझा मला पाठ नाही. हे मी आत्ता का लिहितोय ते पुढं कळेल.

एका सकाळी ती गेली. त्याच सकाळी त्याच वॉर्डात आणखी एक बाई गेली, तिच्याच वयाची. लेक रिक्षानं येत होती, पोचायची होती. वॉर्डातल्या मावशी प्लॅस्टिकचं एक पाकीट घेऊन माझ्यापाशी आल्या.

“काका, बघून घ्या. तुमचंच ना?”

मी पाकीट हातात घेतलं. काळे मणी, दोन वाट्या.

“हो.”

“नीट बघा हं. मग तक्रार नको.”

“अहो बाई, बघितलं,” मी म्हटलं. “माझ्या बायकोचं मला कळत नाही का?”

हे मी मोठ्यानं बोललो. जवळ दोन-तीन माणसं होती. त्यांनी बिचाऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही, असा चेहरा केला. मी सही केली आणि पाकीट खिशात टाकलं.

आमच्यात सवाष्ण गेली की बायका तिला हळद-कुंकू लावून, हिरवी साडी नेसवून, गळ्यात नवी काळी पोत घालून पाठवतात. तसं केलं. खरं मंगळसूत्र मागं राहतं, लेकीसुनेला जातं. म्हणून त्या दिवशी पाकीट कुणी उघडलं नाही. मी ते बिल्ल्यांच्या खणात ठेवलं. जपून ठेवायची माझी जागा तीच.

तेरावं झाल्यावर लेक म्हणाली, “बाबा, आईचं मंगळसूत्र मला हवंय. सणासुदीला घालीन.” मी पाकीट काढून दिलं. तिनं उघडलं, हातावर घेतलं आणि लगेच म्हणाली, “हे आईचं नाही.”

“डोकं फिरलं का तुझं? मी स्वतः बघून घेतलंय.”

“बाबा, हे आईचं नाही.”

“कशावरून?”

ती माझ्याकडं बघत राहिली. “कशावरून म्हणजे? तुम्हाला हे मी सांगायचं?” आणि रडायला लागली. आई गेल्यावर ती एवढी रडली नव्हती. मला तिच्या डोक्यावर हात ठेवायचा होता, पण धीर झाला नाही.

तिनं दवाखान्यात फोन केला. तिथं कळलं, की त्या दुसऱ्या बाईचे यजमान मांजरी गावचे. ते पाकीट बदललंय म्हणून त्याच दिवशी परत आले होते, नंतरही एकदा येऊन गेले. दवाखान्यानं आम्हाला फोन लावला होता, पण ज्या नंबरला लावला तो फोन हिच्या पिशवीत बंद पडला होता. लेकीनं त्यांचा पत्ता लिहून घेतला आणि माझ्यापुढं टाकला. “तुम्ही घेतलंत. तुम्हीच बदलून आणा,” म्हणाली. बरोबर होतं तिचं.

ती गेल्यावर मी ते परकं मंगळसूत्र टेबलावर ठेवलं. दिवा ओढला आणि भिंग लावलं. सवय. आधी पाठ. डाव्या वाटीच्या कडेला बारीक बारीक चेप होते, ओळीनं. मी कारखान्यात पत्र्यावर सगळ्या प्रकारचे चेप पाहिलेत. हे हत्याराचे नव्हते. दुधाच्या दातांचे होते. म्हणजे या बाईच्या मांडीवर दात येणारं मूल खेळलं होतं आणि तिनं त्याला वाटी चावू दिली होती. उजवी वाटी आतून झिजली होती, म्हणजे ती कुशीवर झोपायची ती उजव्या. हे सगळं मी बसल्या बसल्या वाचलं. मग भिंग खाली ठेवलं आणि माझ्या बायकोचं मंगळसूत्र कसं होतं ते आठवायला लागलो. काळे मणी. दोन वाट्या. याच्या पुढं काही येईना. ती कुठल्या कुशीवर झोपायची तेही आठवेना.

मांजरीला गेलो. मोठ्या नव्या इमारती, त्यांच्या पायाशी ऊस अजून उभा. तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं ते एका उंच, वाळलेल्या म्हाताऱ्यानं. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. मी कोण ते सांगितलं. त्यांनी मला आत घेतलं, पण बसा म्हणाले नाहीत. मीच बसलो.

“दोन हेलपाटं घातलं म्या दवाखान्याचं,” ते म्हणाले. “तुमचा फोन बंद.”

“चुकलं माझं.”

“मला पाकीट फोडावं बी लागलं न्हाय. नुस्तं हातात घेतलं, वजन न्यारं लागलं. माघारी पळालो तर तुमी गेलेला.” मग म्हणाले, “माझीच्या पोतीची डावी वाटी चेपल्याली हाय. नात चावायची.”

मी मान डोलवली. पाकीट काढून पुढं धरलं. त्यांनी घेतलं नाही. हात मांडीवरच ठेवले.

“आधी तुमची खूण सांगा,” ते म्हणाले. “सापडल्याला डाग खूण पटल्याबिगर देऊ नये. माझा बाप बी असंच करायचा.”

आमच्याकडंही तीच रीत आहे. सापडलेला दागिना परत करताना मालकाकडून खूण वदवून घेतात. मी स्वतः कधी चूक म्हटली नसती ही रीत. मी सुरुवात केली, “काळे मणी आहेत. दोन वाट्या.”

“ते समद्यांच्याच असत्यात.”

त्यांची सून चहा घेऊन आली आणि कपबशी माझ्यापुढं ठेवून दाराशी उभी राहिली. लेकीला फोन लावावा असं मनात आलं. खिशात हात घातला.

“फोन नगा लावू,” म्हातारा म्हणाला. “तुमी सांगा.”

“नाही सांगता येत,” मी म्हटलं.

“मंग इतकी वर्सं काय बघत हुता?”

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच कळत नव्हतं. मीही खरं तेच सांगितलं. “बिल्ले,” म्हटलं.

“कसलं बिल्लं?”

“गोऱ्या शिपायांच्या टोपीवरचे. ब्रिटिशांच्या वेळचे.”

त्यांनी सुनेकडं बघितलं. सून माझ्याकडं. हसले असते तर बरं झालं असतं. कुणी हसलं नाही.

ते उठून आत गेले. देवघरातून एक छोटी ताटली घेऊन आले. तिच्यात मंगळसूत्र होतं, त्यावर हळद-कुंकू वाहिलेलं. परक्या बाईचं मंगळसूत्र त्या माणसानं रोज पूजेत ठेवलं होतं. मी माझ्याकडचं बिल्ल्यांच्या खणात टाकलं होतं.

“तुमी माझं घिऊन आला, म्हंजी हे तुमचं असणार,” ते म्हणाले. “म्हणून देतो. खुणंवर न्हाय दिलं.” त्यांनी मंगळसूत्र उचललं, तळहातावर उलटं केलं आणि बोट ठेवलं. “ही बगा खूण. ही सांगितली असती तर गुमान दिलं असतं.”

वाटीच्या मागच्या बाजूला, जिथं ती ओवलेली असते, तिथली कडी उघडली होती. फाकून दोन्ही टोकं वेगळी झाली होती. त्यावर हिरवा रेशमी धागा गुंडाळून घट्ट गाठ मारली होती. वरून काही दिसत नव्हतं. पाठ बघितल्याशिवाय कळणारच नाही.

गाठ मी ओळखली. तीन वेढे आणि एक उलटा फास. माझ्या बिल्ल्यांच्या सगळ्या पिशव्यांची तोंडं त्याच गाठीनं बांधलेली आहेत. मी ती गाठ हजारदा सोडली असेल.

मग तेही आठवलं. मी गॅलरीत बसलो होतो, एका बिल्ल्याची निघालेली कडी झाळत होतो. झाळणी तापली होती. ही मागं येऊन उभी राहिली. “अहो, माझीही एक कडी उघडलीय. तेवढी बघता का?” मी मान वर न करता म्हटलं, “सोन्याला ही झाळ चालत नाही. सोनाराचं काम आहे ते. मी काय सोनार आहे?” ती “बरं” म्हणून आत गेली. बोललो त्यात खोटं काही नव्हतं. सोन्याला कथिलाची झाळ चालत नाही. सोनार आमच्या घरापासून एक गल्ली सोडून आहे, एवढंच.

त्या म्हाताऱ्यानं आपलं पाकीट आता घेतलं. उघडलं नाही, फक्त मुठीत धरून बसला. मी उठलो तेव्हा जिन्यापर्यंत आला. “च्या राहिला तुमचा,” म्हणाला.

घरी येऊन ती वाटी मी बराच वेळ उलटी धरून बसलो. तेवढ्यात नारायण पेठेतले गृहस्थ आले. ते येतात अधूनमधून, काठी टेकत. त्यांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाले, “दवाखान्यात तुम्ही बघण्याच्या स्थितीत नव्हतात. त्याचं काय मनावर घ्यायचं.”

“दवाखान्यात एक सकाळ होतो,” मी म्हटलं. “त्याच्या आधी सगळं आयुष्य बघण्याच्या स्थितीत होतो.”

खिशातून काढलेला एक बिल्ला त्यांनी तसाच परत ठेवला, दाखवला नाही.

रविवारी लेक आली. मी मंगळसूत्र तिच्या हातात दिलं. या वेळी तिनं ते छातीशी धरलं. मग पाठ बघितली. “अगं बाई, हा धागा कधी बांधला आईनं? चला, सोनाराकडून कडी लावून घेऊ.”

“नको,” मी म्हटलं. “राहू दे तसं. जुन्या वस्तूला दुरुस्ती केली की ती गेली. गाठ तिच्या हातची आहे. मी पिशवी करून त्यात…”

लेकीनं माझं पुरं होऊ दिलं नाही. “बाबा, ही तुमच्या खणातली वस्तू नाही. मी ती गळ्यात घालणार आहे.”

मी चपला घातल्या.

सोनाराचं दुकान गल्ली ओलांडून तिसरं. माहितीतलाच माणूस. त्यानं डोळ्याला भिंग लावलं, वाटी उलटी केली. “बरेच दिवस असंच घालत होत्या वाटतं. धागा पार काळा पडलाय आतून. किती दिवस झाले?”

लेकीनं माझ्याकडं बघितलं.

“माहीत नाही,” मी म्हटलं.

“बसा,” तो म्हणाला आणि पोऱ्याला न सांगता स्वतःच समोरच्या टपरीकडं बोटं दाखवून तीन चहा मागवले. चिमट्यानं धागा कापला. गाठ न सुटता तशीच अख्खी ट्रेमध्ये पडली, सोन्याच्या चुऱ्यात. चहा आला. माझा कप मी स्टुलावर ठेवला. त्यानं कडीची टोकं जुळवली, कणभर काहीतरी लावलं, बारीक ज्योत फुंकणीनं वळवली. टोकं एक झाली. पाण्यात बुडवून, फडक्यानं पुसून त्यानं मंगळसूत्र लेकीच्या हातात दिलं.

“झालं,” म्हणाला.

मी कप उचलला. चहा अजून गरम होता.